परका खेळाडू, परका कामगार

आफ्रिका खंडातील फुटबॉल क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा २०१५ साली काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील लुबुंबाशी शहराच्या ‘टी. पी. मझेंबे’ या क्लबने जिंकली. या स्पर्धेची अंतिम फेरी दोन सामन्यांची होती. अल्जीरियाच्या ‘यू. एस. एम. अल्जेर’ क्लबविरुद्धचा पहिला सामना मझेंबेने अल्जीयर्सला जाऊन २-१ असा जिंकला आणि दुसरा आपल्या मैदानावर २-० असा जिंकला. मझेंबेचे एकूण गोल झाले चार. त्यांतला एक झांबियाच्या रेनफोर्ड कलाबाचा, दोन टांझानियाच्या म्ब्वाना समाटाचे आणि एक आयव्हरी कोस्टच्या रॉजर असालेचा. गोलरक्षक रॉबर्ट किडियाबा मात्र काँगोचाच होता. प्रशिक्षक होते फ्रान्सचे. चारांपैकी एकही गोल स्वदेशी खेळाडूने केला नव्हता, तरी लुबुंबाशीच्या कामगार वस्त्यांनी हा विजय आपलाच मानला.

रेल्वे आणि टपाल कामगारांच्या मुखपत्राने फुटबॉलवर अग्रलेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. महागाई भत्ता, पेन्शन, खासगीकरण, रिक्त पदे असे प्रश्न समोर उभे असताना हा खेळ कशासाठी, असेही कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मझेंबेची कथा मुळात खेळाची नाहीच. ती तांब्याच्या खाणीची, रेल्वेची, गोळीबारात पडलेल्या संपकऱ्यांची आणि स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून घरी गेलेल्या कामगारांची कथा आहे. शिवाय, ‘आपला कोण आणि परका कोण’ या ज्या प्रश्नाने आपल्या चळवळीला वारंवार दुबळे केले, त्याचे उत्तरही या कथेत सापडते.

रुळांनी वसवलेले शहर

लुबुंबाशीचे जुने नाव एलिझाबेथव्हिल. बेल्जियमच्या राजवटीत १९१० साली हे शहर वसले आणि त्याच साली दक्षिणेकडून, आजच्या झांबियातून येणारी रेल्वे तिथे पोहोचली. रेल्वे आली ती प्रवाशांच्या सोयीसाठी नव्हे. कटांगा प्रांतातील तांबे समुद्राकडे नेण्यासाठी ती आली. पुढे अंगोलाच्या लोबितो बंदराकडे जाणारा बेंगेला मार्गही १९३१ मध्ये या खाणींना जोडला गेला. आपल्याकडे इंग्रजांनी रूळ टाकले ते कापूस आणि कोळसा बंदरावर नेण्यासाठी आणि फौजा हलवण्यासाठी. विदर्भाचा कापूस मुंबईला कसा गेला हे ज्याला ठाऊक आहे, त्याला कटांगाचे तांबे लोबितोला कसे गेले हे वेगळे सांगायला नको.

खाणींची मालक होती ‘युनियन मिनियेर’ ही १९०६ साली स्थापन झालेली बेल्जियन कंपनी. तिला मजूर हवे होते आणि ते स्थानिक वस्तीतून पुरेसे मिळत नव्हते. सुरुवातीला तिने सरहद्दीपलीकडच्या उत्तर ऱ्होडेशियातून, म्हणजे आजच्या झांबियातून, थोड्या मुदतीच्या करारावर माणसे आणली. पुढे काँगोच्याच कसाई प्रांतातून आणि रुआंडा-उरुंडीतूनही आणली. ज्या सरहद्दीने हे लोक ‘परदेशी’ ठरले, ती युरोपच्या राजधान्यांत नकाशावर आखलेली रेघ होती. तांब्याचा पट्टा रेघेच्या दोन्ही बाजूंना सलग होता आणि बेंबा भाषा बोलणारी माणसेही दोन्ही बाजूंना होती. वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या या मजुरांची वस्तीतली सामाईक भाषा झाली स्वाहिली. भुसावळच्या किंवा कल्याणच्या रेल्वे कॉलनीत मराठी, भोजपुरी, तेलुगू माणसे मिळून एक रेल्वेची हिंदी बोलू लागतात, तसेच ते घडले. पुढे शंभर वर्षांनी टांझानियाहून समाटा आला, तेव्हा त्याची मायभाषा लुबुंबाशीच्या रस्त्यावर बोलली जात होती. ती तिथे रुजवली होती खाणकामगारांनी.

म्हणून मझेंबेच्या संघात झांबिया, टांझानिया, घाना, माली, आयव्हरी कोस्ट या देशांचे खेळाडू दिसतात, तेव्हा त्याला केवळ आधुनिक व्यापारी फुटबॉलची चैन समजू नये. ते शहरच परमुलखातून आलेल्या श्रमावर उभे आहे.

फुटबॉलच्या मैदानावरचा गोळीबार

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोस्त राष्ट्रांना कटांगाच्या तांब्याची गरज होती. उत्पादन वाढले, बाजारातील भाव वाढले, मजुरी मात्र होती तिथेच राहिली. डिसेंबर १९४१ मध्ये खाणकामगारांनी संप पुकारला. मागणी काय होती? रोजची मजुरी दीड फ्रँकवरून दोन फ्रँक करावी, एवढीच. आज आपण ज्याला महागाई भत्ता म्हणतो, त्याचीच ती मागणी. ३ डिसेंबरला सुरू झालेला संप आठवड्याभरात कंपनीच्या सर्व खाणींत पसरला.

एलिझाबेथव्हिलच्या संपकऱ्यांना बोलणी करण्यासाठी बोलावले गेले ते शहरातील फुटबॉलच्या मैदानावर. त्यांचे पुढारी होते लेओनार म्पोयी. देऊ केलेली वाढ संपकऱ्यांनी नाकारली. त्यानंतर खुद्द गव्हर्नर आमूर मारोन याने म्पोयी यांना गोळी घातली आणि सैनिकांना जमावावर गोळीबाराचा हुकूम दिला, असे इतिहासात नोंदले गेले आहे. सरकारी हिशेबाने मृतांचा आकडा तिसाच्या आसपास होता. इतर अंदाज साठ ते सत्तर जणांचे आहेत. दुसऱ्या दिवशी कामगार कामावर परतले.

ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते एका जातीजमातीचे किंवा एका मुलखाचे नव्हते. कंपनीने त्यांना वेगवेगळ्या मुलखांतून आणले होते, ते एकमेकांना अनोळखी राहतील तर बरे, अशाच हिशेबाने. तरी संपात ते एकत्र उभे राहिले. मझेंबे क्लबचा जन्म या गोळीबाराच्या दोनच वर्षे आधी, १९३९ साली, बेनेडिक्टाईन मिशनऱ्यांच्या हातून झाला. वसाहतीच्या राज्यकर्त्यांना आणि मिशनऱ्यांना फुटबॉल आवडत असे, कारण सुट्टीच्या दिवशी तरुण मैदानावर राहिले तर सभेला जात नाहीत. ज्या मैदानांवर कामगारांनी खेळात रमावे अशी अपेक्षा होती, तशाच एका मैदानावर त्यांना मारण्यात आले, हे कामगार चळवळीने विसरू नये.

आमच्या रेल्वे वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. लुबुंबाशीत मझेंबेचा जुना प्रतिस्पर्धी क्लब आहे ‘सेंट एलॉय लुपोपो’. त्याचाही जन्म १९३९ चा. त्याला लोक ‘शमिनो’ म्हणतात. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ रेल्वे कामगार. या दोन क्लबांचा सामना असला की शहराचे दोन तट पडतात. रेल्वेवाल्यांच्या नावाने ओळखला जाणारा क्लब तिथे आजही मैदानात उतरतो.

मालक आला, कायम नोकरी गेली

मझेंबेने आफ्रिकेचे विजेतेपद पहिल्यांदा १९६७ साली आणि दुसऱ्यांदा १९६८ साली मिळवले. तेव्हा त्याचे नाव एका टायर कंपनीवरून ‘एंग्लेबेर’ असे होते. १९६६ साली एकही सामना न हरता लीग जिंकल्यावर त्यापुढे ‘तू प्युइसां’, म्हणजे सर्वशक्तिमान, हे बिरुद लागले. ‘टी. पी.’ ही अक्षरे त्याचीच. त्याच सुमारास युनियन मिनियेरच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे ‘जेकामिन’ ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिने कामगारांना केवळ पगार दिला नाही. घर, दवाखाना, मुलांची शाळा, महिन्याचे धान्य या सर्वांची जबाबदारी घेतली. आपल्याकडील रेल्वे कॉलनी, रेल्वे इस्पितळ आणि रेल्वे शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचा अर्थ समजेल.

मोबुटूच्या हुकूमशाहीने ही कंपनी पोखरली. १९८० च्या दशकात वर्षाला चार लाख टनांहून अधिक तांबे काढणारी जेकामिन १९९० च्या दशकात कोसळली. पगार महिनोन्‌महिने थकले. अखेर २००३ मध्ये जागतिक बँकेच्या पैशाने ‘स्वेच्छेने निवृत्ती’ची योजना आली आणि दहा हजारांहून अधिक कामगार एकरकमी पैसे घेऊन घरी गेले. त्या रकमेबरोबर घरचे धान्य, दवाखाना आणि शाळाही गेली. ‘गोल्डन हँडशेक’ हा शब्द आमच्या वाचकांनी १९९१ नंतर पुष्कळ ऐकला आहे. हातात सोने किती आले आणि हात किती मोकळे झाले, हे ज्याचे त्याला ठाऊक.

याच काळात मझेंबे क्लब पुन्हा उभा राहिला. १९९७ पासून त्याचे अध्यक्ष आहेत मोईझ कटुंबी. खाणकामाची कंत्राटे घेणारी कंपनी त्यांनी उभी केली होती आणि २००७ ते २०१५ या काळात ते कटांगा प्रांताचे गव्हर्नरही होते. क्लबने २००९, २०१० आणि २०१५ मध्ये आफ्रिकेचे विजेतेपद घेतले. डिसेंबर २०१० मध्ये अबू धाबीच्या जागतिक क्लब स्पर्धेत ब्राझीलच्या ‘इंटरनॅसिओनल’ला २-० ने हरवून तो अंतिम फेरीत गेला. युरोप व दक्षिण अमेरिकेबाहेरचा कोणताही क्लब त्यापूर्वी तिथवर पोहोचला नव्हता. अंतिम सामन्यात इटलीच्या ‘इंटर’कडून तो ३-० ने हरला, पण किडियाबाने बसल्या जागी उड्या मारत साजरा केलेला आनंद जगभर पोहोचला. त्या सामन्यातील दोन्ही गोल काँगोच्या खेळाडूंचे होते आणि प्रशिक्षक सेनेगलचे. परक्यांमुळे स्थानिकांची वाट बंद होतेच असे नाही, याला हा पुरावा पुरेसा आहे. उलटही घडले. २०१२ साली झांबियाने आफ्रिका चषक जिंकला, तेव्हा अखेरची निर्णायक पेनल्टी मारणारा स्टॉपिला सुंझू मझेंबेचाच खेळाडू होता.

क्लब वर आला याचा आनंद आम्हालाही आहे. पण एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. जेकामिन आजारी पडली तेव्हा ती सावरण्याची जबाबदारी निदान कागदावर तरी राष्ट्राची होती. क्लबचे बरे-वाईट आता एका धनिकाच्या मर्जीवर आणि राजकीय नशिबावर अवलंबून राहते. मालक उदार असेल तर स्टेडियम उभे राहते, आणि तसे ते २०११ मध्ये राहिलेही. पण उदारपणा हा हक्क नव्हे. हक्क करारात लिहिलेला असतो आणि संघटनेच्या बळावर वसूल होतो.

खेळाडू हाही कंत्राटी कामगारच

‘खेळाडूंना काय कमी? ते लाखो मिळवतात,’ असे म्हटले जाते. समाटासारखा एखादा मिळवतोही. २०१५ सालचा आफ्रिकेत खेळणारा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला, जानेवारी २०१६ मध्ये तो बेल्जियमच्या गेंक क्लबकडे गेला आणि २०२० मध्ये इंग्लंडच्या ॲस्टन व्हिलाकडून खेळला. पण एका समाटामागे किती जण मागे राहतात? व्यावसायिक खेळाडूंच्या जागतिक संघटनेने, ‘फिफप्रो’ने, २०१६ मध्ये ५४ देशांतील सुमारे १४ हजार खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील ४१ टक्के खेळाडूंना मागील दोन हंगामांत पगार उशिरा मिळाला होता. ४५ टक्क्यांच्या आसपास खेळाडूंची कमाई महिन्याला एक हजार डॉलरपेक्षा कमी होती. ज्याचे कामाचे आयुष्य पस्तिशीच्या आत संपते आणि ज्याच्या एका गुडघ्याच्या दुखापतीने रोजगार जातो, त्याची ही मिळकत.

परदेशी खेळाडूची अवस्था तर अधिकच नाजूक. त्याचे राहणे, परवाना, परतीचे तिकीट सारे क्लबच्या हातात. पगार थकला तर तक्रार कोणाकडे करायची? भाषा नवी, कायदा नवा, वकिलाला पैसे नाहीत. आखाती देशांत गेलेल्या मजुराचा पासपोर्ट कोणाच्या कपाटात असतो, हे ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ही कोंडी ओळखू येईल.

तरी या कामगारांनी लढून काही मिळवले आहे. बेल्जियमचा एक साधा खेळाडू, ज्यां-मार्क बॉसमन. करार संपल्यावरही त्याचा क्लब दुसऱ्या क्लबकडून पैसे घेतल्याशिवाय त्याला सोडीना. तो न्यायालयात गेला आणि १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, करार संपला की युरोपीय संघाचा नागरिक असलेला खेळाडू संघातील दुसऱ्या देशात जाण्यास मोकळा. पुढे २०१८ मध्ये फिफाच्या नियमांत आले की, दोन महिन्यांचा पगार थकला तर खेळाडूने पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी आणि तरीही पैसे न मिळाल्यास करार मोडावा. २०२० मध्ये बुडालेल्या पगारांसाठी फिफा व फिफप्रो यांनी मिळून १ कोटी ६० लाख डॉलरचा निधी उभारला. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या लासाना दियारा याच्या दाव्यात त्याच युरोपीय न्यायालयाने फिफाचे काही बदलीविषयक नियम बेकायदा ठरवले. यांतले काहीही मालकांनी आपण होऊन दिलेले नाही. दक्षिण आफ्रिकेत तर फुटबॉलपटूंची संघटना ‘कोसाटू’ या कामगार महासंघाशी संलग्न आहे. खाणकामगार, शिक्षक आणि फुटबॉलपटू एकाच झेंड्याखाली! आमच्या मते हीच योग्य दिशा आहे.

आपल्या दारातील प्रश्न

हे सारे दूरच्या खंडातले म्हणून सोडून देता येणार नाही. गोव्यातील धेंपो आणि साळगावकर हे क्लबही खाणमालक घराण्यांनी पोसलेले. आफ्रिकेतील खेळाडू तिथे वर्षानुवर्षे करारावर खेळले. नायजेरियाच्या रँटी मार्टिन्सने धेंपोसाठी केलेले गोल गोव्याचे रसिक अजून आठवतात. २०१६ मध्ये हे दोन्ही क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. मुंबईत महिंद्र युनायटेड हा क्लब २०१० मध्ये बंदच झाला. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम हक्कांच्या करारावरून लांबणीवर पडला, तेव्हा काही क्लबांनी खेळाडू व कर्मचारी यांचे पगार रोखले. आपल्या रेल्वेत खेळाडू म्हणून भरती झालेला कामगार मात्र गुडघा दुखावला तरी मस्टरवर राहतो, बढती घेतो, त्याला पास आणि निवृत्तिवेतनाची सोय असते. कायम नोकरी आणि कंत्राट यांतला फरक समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

आणि आता कटू वाटेल ते बोलतो. १९ ऑक्टोबर २००८ रोजी रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी मुंबई परिसरात आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना परीक्षा केंद्रांवर मारहाण झाली. मराठी तरुणांची तक्रार खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. आपल्या भागातील भरतीची खबर आपल्या भाषेत मिळावी, परीक्षा आपल्या भाषेत देता यावी, ही मागणी रास्तच आहे. पण मार कोणाला पडला? पाटण्याहून साध्या डब्यात उभ्याने आलेल्या बेकाराला. जागा त्याने कमी केल्या होत्या काय? २०१९ मध्ये रेल्वेच्या एका भरतीत पस्तीस हजारांच्या आसपास जागांसाठी सव्वा कोटीच्या घरात अर्ज आले. एका खुर्चीसाठी साडेतीनशे माणसे उभी केली की ती एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. खुर्च्या कमी करणारा मात्र नजरेआड राहतो.

शिवाय मराठी रेल्वे आणि टपाल कामगार स्वतः कुठे कुठे आहे? इटारसीत आहे, बडोद्यात आहे, सिकंदराबादला आणि हुबळीला आहे. तिथे त्याला ‘परका’ म्हणून कोणी हटकले तर आपण काय म्हणू?

परका माणूस स्वस्तात राबवला जातो, म्हणूनच मालकाला तो हवा असतो. त्याला हाकलल्याने स्थानिकाची मजुरी वाढत नाही. त्याला समान करार, समान वेतन आणि संघटनेचे सभासदत्व मिळाले की मालकाचा तो डाव संपतो. एलिझाबेथव्हिलच्या खाणकामगारांनी हे १९४१ मध्ये ओळखले होते.

म्हणून आमच्या शाखांना आमचे सांगणे स्पष्ट आहे. आपल्या स्थानकावर, कारशेडमध्ये, पार्सल ऑफिसात कंत्राटदाराकडे राबणारा सफाई कामगार आणि हमाल कोणत्या प्रांतातला आहे हे विचारण्याआधी त्याला किमान वेतन मिळते का, त्याचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हे विचारा. खात्याचे काम करूनही सरकारी कर्मचारी न मानल्या गेलेल्या सुमारे अडीच लाख ग्रामीण डाक सेवकांचा प्रश्न प्रत्येक द्वारसभेत घ्या. शाखेची पत्रके त्या त्या ठिकाणच्या कामगारांच्या भाषेतही काढा. खेळाडू कोट्यातून आलेल्या साथींना सभेला बोलवा. त्यांच्या कंत्राटी बांधवांची हकिगत ते आपल्यापेक्षा चांगली सांगतील.

लुबुंबाशीच्या क्लबचे चार गोल तीन देशांच्या पायांनी झाले, आणि ते कोणाच्या पायांनी झाले यावरून त्या शहराने भांडण केले नाही. मैदानावर हे जमते, कारण तिथे समोरचा प्रतिस्पर्धी कोण हे प्रत्येकाला स्पष्ट दिसते. कामाच्या जागी तो स्पष्ट दाखवून देणे हे संघटनेचे काम आहे. ते आपण केले नाही, तर दुसरे कोणी आपल्याच शेजाऱ्याकडे बोट दाखवील.